रिकामी लाईन

“मॅडम, दिवा कुठल्या रंगाचा दिसतोय?”

“हिरवा.”

“लाल नाही ना?”

“नाही. सगळे दिवे हिरवे आहेत.”

“मग आमच्या बाजूने सगळं ओके आहे, मॅडम. एकदा राउटर बंद करून चालू करा.”

“सकाळपासून तेच करतेय.”

“अजून एकदा करून बघा ना.”

पलीकडचा आवाज दमलेला होता. त्याला दिवसभर माझ्यासारखेच लोक भेटत असणार. भांडण काढण्याइतका जोर त्याच्यात नव्हता आणि माझ्यातही नव्हता. मी “बरं” म्हणून फोन ठेवला.

दारात द्वारकाआत्या ताटात तांदूळ निवडत बसली होती. माझ्या वडिलांची, अण्णांची, थोरली बहीण; त्यांना पुंडलिक म्हणणारी एकटीच. अण्णांचं तेरावं झालं, पाहुणे पांगले, उसनी आणलेली पातेली ज्याच्या त्याच्या घरी गेली, पण “इंदूला एकटं टाकून मी कशी जाऊ?” म्हणून आत्या मागे राहिली. इंदू म्हणजे माझी आई.

“काय म्हणतो मेला?”

“बंद करून चालू करा म्हणतो.”

“हे तर मीही सांगितलं असतं. आमच्या यावलात टीव्ही बिघडला की वरून एक थाप मारतात. मारून बघू का तुझ्या त्या पेटीला?”

“नको आत्या.”

“बघ हं. माझ्या हाताला गुण आहे.”

भुसावळचा मे महिना होता. कूलर गरम हवाच इकडची तिकडे ढकलत होता. मागच्या खोलीत लाकडी मांडणीवर ती पेटी होती. एका कचेरीने मोडीत काढलेला, पिवळट पडलेला कॉम्प्युटर. अण्णा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तो उचलून आणला, त्यात लिनक्स नावाची फुकटची प्रणाली घातली आणि त्याला ‘सर्व्हर’ म्हणायला लागले. आई म्हणायची, “घरात माणसं दोन आणि म्हणे सर्व्हर.” तरी तिने त्याच्यासाठी क्रोशाचं आच्छादन विणलं होतं. आमच्या घरात क्रोशा न घातलेली वस्तू विरळाच.

त्या पेटीचं रोजचं काम एकच होतं. दुपारी चार वाजता आईला गोष्ट ऐकवायची.

आईच्या डोळ्यांचा मधला भाग गेला होता. कडेकडेचं दिसायचं, त्यामुळे घरात वावरता यायचं, चहा करता यायचा, पण अक्षर दिसायचं नाही. पोथी वाचावी तशी कादंबऱ्या वाचणारी बाई ती. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या वाचनालयातून आणलेली एक जाडजूड कादंबरी तिची अर्धी राहिली, आणि अण्णांनी, ज्यांनी जन्मात वर्तमानपत्राखेरीज काही वाचलं नव्हतं, ती पुढे वाचून दाखवायला घेतली. दुपारच्या चहाबरोबर रोज थोडी थोडी. त्यांचं वाचन गाड्यांची घोषणा केल्यासारखं होतं. मध्येच थांबून म्हणायचे, “इंदू, हा माणूस मूर्ख आहे, सांगून ठेवतो.”

मग त्यांना दम लागायला लागला. दुपारी आवाज उरायचा नाही. सकाळी बरं वाटलं की ते त्या दिवशी जमेल तेवढं वाचून पेटीत भरून ठेवायचे, आणि चार वाजता पेटी त्यातला पुढचा एक भाग बाहेरच्या खोलीतल्या छोट्या वायफाय स्पीकरवर लावायची. अण्णा आईशेजारी बसून स्वतःचाच आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, “ह्याला वाचता येत नाही.” जळगावच्या हॉस्पिटलात पडून होते तेव्हाही घरी चार वाजता त्यांचा आवाज यायचा. आई सकाळी कुणाच्या तरी सोबतीने डबा घेऊन जायची आणि चारच्या आत परत यायची. तिथे माणूस होता, इथे त्याचा आवाज, आणि ती दोघांकडे वेळेवर हजर.

ते गेल्यापासून स्पीकर गप्प होता. घरात माणसांची वर्दळ होती म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. पाहुणे गेले, चार वाजले, आई रोजच्या खुर्चीत कप घेऊन बसली आणि काहीच आलं नाही, तेव्हा मला कळलं. तिने कप तसाच खाली ठेवला. रजा संपत आली होती. पुण्याला जाण्याआधी एवढं एक करून जायचं, असं मी ठरवलं.

मी तिथे एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासते. ह्या पेटीचं ज्ञान मला असण्याचं कारण नव्हतं, पण अण्णांनी फोनवरून मला ते शिकवलं होतं. त्यांना कुणाला तरी सांगायचं असायचं आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं. जोडणी बिघडली की काय करायचं ह्याचा त्यांचा एक ठरलेला क्रम होता.

“आधी स्वतःला हाक मारायची. ओ आली तर आपण जिवंत. मग शेजाऱ्याला. मग वेशीवर. मग गावाबाहेर. जिथून ओ येत नाही, तिथे बिघाड. रुळावर आम्ही असंच स्टेशनामागून स्टेशन करत जायचो.”

कॉम्प्युटरच्या भाषेत ह्या हाकेला पिंग म्हणतात. मी पडदा जोडला, कीबोर्ड जोडला. अण्णांनी लिहिलेला प्रोग्रॅम चालूच होता, आणि तो एकच ओळ एकाखाली एक छापत आलेला होता:

उत्तर नाही. उद्या पुन्हा.

म्हणजे स्पीकर ओ देत नव्हता. मी पेटीला स्वतःला हाक मारायला लावली. ओ आली. शेजाऱ्याला, म्हणजे राउटरला, हाक मारली. तीही आली, चटकन. स्पीकरला मारली. शांतता. बाहेरच्या जगाला मारली. शांतता. शेजारी घरात आहे, पण शेजाऱ्याच्या पलीकडे काहीच नाही. गंमत म्हणजे माझा फोन त्याच राउटरवरून मजेत चालत होता.

म्हणून मी कंपनीला फोन लावला होता. म्हणून दिवे हिरवे होते.

“आई, चहा देतेस?” मी आतूनच ओरडले.

आई कप घेऊन आली. खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिली.

“जमतंय का?”

“जमेल. वाट चुकलीय कुठेतरी. पेटीतून निघालेलं स्पीकरपर्यंत पोचत नाहीये.”

“राहू दे गं. इतकं काय.”

“राहू दे कसं? तू रोज ऐकत होतीस.”

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. “साखर बघ, कमी झाली असेल,” म्हणाली आणि गेली.

मला वाटलं, तिने आशा सोडली. मी आणखी हट्टाला पेटले. कुठून कुठे जायचं ह्याच्या वाटा पेटीत लिहिलेल्या असतात. त्या मी तपासल्या. अण्णांनी लिहिलेली वाट बरोबर दिसत होती. तरी पुसली, पुन्हा लिहिली. एकदा चुकीची पुसली आणि शेजाऱ्याचीसुद्धा ओ यायची बंद झाली. ती परत आणण्यात तो दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आत्या पंख्याखाली आडवी झाली आणि तिथूनच बोलत राहिली.

“इंदू काही बोलत नाही, तुला सांगते. रडतसुद्धा नाही. त्या दिवशी पुंडलिकाला दारात ठेवलेलं, बायका भोवती बसलेल्या, आणि ही उठून मागच्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. मी म्हटलं, जाऊ द्या, रडू द्या तिला मोकळं. तर बाहेर आली ती कोरडीच.”

“किती वेळ होती आत?”

“कोण घड्याळ बघतंय बाई त्या वेळी? पदराला जळमटं लागली होती, एवढं आठवतं. मी झटकली.”

मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या डोक्यात वाटाच फिरत होत्या. मी पुन्हा स्वतःला हाक मारली, पुन्हा शेजाऱ्याला मारली. ओ आली. वैताग येऊन मी खुर्ची मागे ढकलली आणि तेव्हा अण्णांच्या क्रमातलं सगळ्यात पहिलं वाक्य आठवलं, जे ते इतक्यांदा म्हणायचे की मी ऐकायचंच सोडलं होतं. “डोकं चालवायच्या आधी तार बघ. डोळ्यांनी नाही, हाताने.”

पेटीच्या मागून निघालेली तार मी चिमटीत धरली आणि सरकत गेले. राउटर मांडणीच्या वरच्या फळीवर होता. तार वर जायला हवी होती. सुतळीने बांधलेल्या जुडग्यापर्यंत ती गेली वर, आणि तिथून सुटून मागच्या मागे खाली उतरली. मी जमिनीवर पालथी पडले. खालच्या फळीच्या पार मागे, जळमटांत, क्रोशाच्या रुमालाखाली आमचा जुना राउटर होता. नवा आला तेव्हा “असू दे, उपयोगी पडेल” म्हणून अण्णांनी ठेवून दिलेला. त्याचं बटण चालू होतं. त्याचेही दिवे हिरवे होते. आणि पेटीची तार त्याच्यात खोचलेली होती.

कारखान्यातून निघताना अशा खोक्यांना बहुतेक एकच पत्ता दिलेला असतो. नवा आणि जुना, दोघांचाही पत्ता तोच. मी शेजाऱ्याला हाक मारत होते आणि दोन दिवस ओ देणारा शेजारी दुसराच होता. त्याच्या पलीकडे ना स्पीकर, ना गाव, ना जग. नुसतं एक जिवंत खोकं.

पाहुण्यांपैकी कुणीतरी फोन चार्जिंगला लावताना घोळ केला असणार, एवढाच विचार मी केला. तार काढली, वर नेली, नव्या राउटरमध्ये बसवली. स्पीकरला हाक मारली. ओ आली.

चार वाजायला थोडाच वेळ होता. मी कुणाला काही सांगितलं नाही. चहा मीच केला. आईला तिच्या खुर्चीत बसवलं, आत्याच्या हातात बशी दिली. मला आईचा चेहरा बघायचा होता.

स्पीकरमधून आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग अण्णा म्हणाले, “हं. तर इंदू, काल आपण त्या पुलापाशी थांबलो होतो.”

आत्याच्या बशीतला चहा मांडीवर सांडला. “अय माय! पुंडलिक!”

आईचा चेहरा मी बघत होते. त्यावर आनंद आला नाही. चुलीवर ठेवलेलं दूध उतू जाताना दिसावं आणि हात पोचू नये, तसा तो झाला.

“बंद कर,” ती म्हणाली.

“आई, ऐक तरी. आता रोज येईल. दुरुस्त झालं.”

“बंद कर गं, बंद कर!”

मी जागची हलले नाही. मला वाटलं, रडू येईल आणि मग ऐकेल. पण ती उठली. एरवी भिंतीचा आधार घेत चालणारी आई सरळ, कुठेही न अडखळता, मागच्या खोलीत गेली. मी मागोमाग धावले. तिने हात वर केला, त्या जुडग्यातल्या सगळ्या तारा बोटांनी चाचपल्या आणि त्यांतली नेमकी एक ओढून काढली. बाहेर अण्णांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

तार तिच्या हातात होती. ती वाकली, खालच्या फळीमागे हात घातला आणि थांबली. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं असावं.

“तू केलंस,” मी म्हटलं.

ती खाटेवर टेकली. माझी आई लग्नाआधीपासून रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. अण्णा तिथेच तारा दुरुस्त करायला यायचे. जन्मभर ती त्यांना आडनावानेच हाक मारत आली.

“साहेबाला कुणाशी बोलायचं नसलं की आम्ही काय करायचो, माहितेय? नाही म्हणायची सोय नव्हती. मग त्या माणसाची तार रिकाम्या लाईनीत खोचून ठेवायची. त्याला वाटायचं, पलीकडे घंटी वाजतेय. बसायचा बिचारा वाट बघत.”

“नुसती काढून ठेवायची ना तार.”

“पेटीचा दिवा विझला असता. आल्या आल्या बघितलं असतंस तू. बऱ्हाट्यांची मुलगी आहेस.”

“आणि दोन दिवस मी इथे डोकं फोडत होते ते?”

“सांगणार होते. काल चहा घेऊन आले तेव्हाच सांगणार होते.” ती तार बोटाभोवती गुंडाळत होती. “पण ह्यांना नेल्यापासून तू काही मागितलंच नव्हतंस. वाढलं ते खायचीस, नाहीतर नाही. त्या पेटीसमोर बसलीस आणि ओरडलीस, आई, चहा दे. म्हटलं, बसू दे अजून थोडं.”

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

“पण का, आई?”

दारात आत्या येऊन उभी होती. मांडीवरचा डाग तसाच होता.

“संपेल ना गं,” आई म्हणाली. “त्यांनी जेवढं भरून ठेवलंय तेवढंच आहे. त्या दिवशी ते दारात होते आणि मला एकच दिसत होतं, चार वाजत आलेत, आता एक जाईल. उद्या अजून एक जाईल.”

“अगं, संपत नाहीत ते. पुन्हा लावता येतात. हवे तितक्यांदा.”

“ऐकलेलं आहेच की. ते कुठे जातंय? न ऐकलेलं संपतं.”

आत्याने पदर तोंडाला लावला.

आईने तार माझ्याकडे धरली. ती काहीतरी विचारू बघत होती आणि विचारायला भीत होती, हे मला तेव्हा दिसलं. खरं तर ते आदल्या दिवसापासून तिच्या चेहऱ्यावर होतं. उंबऱ्यावर ती त्यासाठीच थांबली असणार.

“चारू, एक सांग. इतके दिवस बऱ्हाटे वाचत होते का? तिकडे, रिकाम्या लाईनीत? कुणी नसताना?”

“म्हणजे?”

“म्हणजे गेले का ते भाग? मी घाईत लावली तार. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आलं. मी वाचवायला गेले आणि ते तिकडे एकटेच वाचून मोकळे होत असतील तर?”

मी पडद्यापुढे बसले. अण्णांनी लिहिलेला प्रोग्रॅम उघडला आणि सुरुवातीपासून वाचला, मुद्रित वाचतात तसा, अक्षर अक्षर. आधी स्पीकरला हाक मारायची. ओ आली तरच पुढचा भाग वाचायचा. नाही आली तर भाग तसाच जपून ठेवायचा, एक ओळ छापायची आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा हाक मारायची. किती दिवस मारायची, ह्याला त्यांनी मर्यादा घातलेली नव्हती.

“नाही,” मी म्हटलं. “एकही गेला नाही. ते थांबले होते.”

“नक्की?”

“ते रोज विचारत होते, इंदू आहे का. उत्तर आलं नाही की म्हणत होते, उद्या पुन्हा.”

आईने डोळे मिटले. मग ती रडली. मोठ्याने, अंगातून, कुणाची पर्वा न करता. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत “रड, रड” म्हणत राहिली आणि स्वतःही रडत राहिली. मी कीबोर्डवर हात ठेवून बसून होते.

संध्याकाळी दिवेलागणीला मी विचारलं, “किती भाग उरलेत ते बघू का?”

“नको. सांगू नकोस. आणि तूही मोजू नकोस.”

“आणि आजचा? तो अर्धाच झाला.”

ती हसली. “पुलापाशीच आहोत अजून. राहू दे पुलापाशी.”

ती तार नवीन राउटरात लावायची की जुन्यात, हे पुढे आईच ठरवायची. मी पुण्याहून रोज चार वाजता फोन करायचे आणि दुसरं काहीतरी वाचून दाखवायचे, वर्तमानपत्र, माझ्याकडे आलेली मुद्रितं, हाताला लागेल ते. कधी कधी फोन लागला की ती म्हणायची, “आज नको. आज मी लाईन जोडतेय.” दिवाळीला, अण्णांच्या तिथीला, आणि कधी कधी कारण नसतानाही. मग मी फोन ठेवायचे. त्या दिवशी तिने काय ऐकलं, पुलापलीकडे काय झालं, हे तिने मला कधी सांगितलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात आई गेली. भुसावळचं घर रिकामं करताना मी बाकी सगळं वाटून टाकलं. ती पेटी, तो स्पीकर आणि दोन्ही राउटर मात्र क्रोशाच्या रुमालांसकट पुण्याला आणले. त्या कादंबरीची एक प्रत आमच्या संस्थेच्या कपाटात आहे. शेवट काय आहे ते मला केव्हाही बघता येईल.

पेटी माझ्या खोलीच्या कोपऱ्यात चालू असते. तिची तार मी जुन्या राउटरात खोचून ठेवली आहे. चार वाजले की पेटी बारीक घरघरते आणि पडद्यावर एक ओळ उमटते. मी मुद्रितावरून मान वर करून ती वाचते आणि पुन्हा कामाला लागते.

उत्तर नाही. उद्या पुन्हा.